परवूर, चेंदमंगलमची सिनेगॉग पाहिली आणि नवगाव आठवलं

पोफळीची_वाडी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी कोचीला जाणं झालं. लग्न आटोपल्यावर दोन दिवस मोकळे होते. मट्टनचेरीचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बघायचं ठरलेलंच होतं, पण मला त्याहून जास्त ओढ होती ती उत्तरेकडच्या दोन लहान गावांची, परवूर आणि चेंदमंगलम. तिथली जुनी सिनेगॉग आता केरळ सरकारच्या मुझिरिस वारसा प्रकल्पात संग्रहालयं झाली आहेत. परवूरला केरळच्या ज्यूंचा इतिहास मांडलाय, चेंदमंगलमला त्यांचं रोजचं जगणं.

ओढ कसली, ते आधी सांगते. मी अलिबागची. आमच्या आळीच्या टोकाला एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, कुटुंब राहायचं. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर एक बारीक पितळी नळी ठोकलेली होती. घरात शिरताना त्यांच्या आजी नळीला बोटं लावायच्या आणि मग तीच बोटं ओठांना. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "देवाचं वचन आहे गं त्यात, चामड्यावर लिहिलेलं." पुढे ते सगळे इस्रायलला गेले, जाताना नळी काढून घेऊन गेले. चौकटीवर एकाखाली एक अशी दोन भोकं राहिली. शाळेत जाता-येता ती भोकं मी कित्येक वर्षं बघितली आहेत. मेझूझा हा शब्द मला खूप नंतर कळला.

तर परवूर. एर्नाकुलमहून बसने तासाभरात पोचलो. गावात एका रस्त्याला अजूनही ज्यूंची गल्ली म्हणतात, तिच्या तोंडाशी दोन जुने खांब आहेत. आत चालत गेलं की डाव्या-उजव्या हाताला साधी घरं, आणि मग एकदम पांढऱ्या भिंतीचं, कौलारू, दुमजली दार लागतं. केरळात वाड्याच्या देवडीला पडिप्पुरा म्हणतात, तशीच ही देवडी. बाहेरून कुणी सांगितलं नाही तर कुठल्याशा नंबूदिरी ब्राह्मणाचं घर वाटेल. देवडीतून आत गेलं की अंगण, मग खांबांची लांब वाट, मग ओसरीवजा खोली आणि शेवटी मुख्य प्रार्थनागृह. हे सगळं एका सरळ रेषेत. बाहेरच्या दारात उभं राहिलं की नजर थेट आतल्या अंधारापर्यंत जाते. मला तर आपल्याकडच्या देवळाची आठवण झाली: सभामंडप, अंतराळ, गाभारा.

आताची इमारत १६१६ च्या आसपासची. ती दाविद याकोब कास्तिएल यांनी बांधली, तसा दगडावर हिब्रू लेख आहे. आत तोरा, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायचं जे कोरीव, सोनेरी लाकडी कपाट असतं, हेखाल, ते मात्र मूळचं नाही. मूळचं हेखाल आणि मधला कठडेबंद चौथरा, म्हणजे तेबा, १९९० च्या दशकात जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये नेले. इथे आहे ती प्रतिकृती. चांगली केली आहे, पण कळल्यावर मन थोडं खट्टू झालं.

केरळच्या सिनेगॉगमध्ये एक गोष्ट अशी आहे जी मी दुसरीकडे कुठे वाचली नव्हती. तेबा दोन असतात. एक खाली मधोमध, दुसरा माडीवर, बायकांच्या बसायच्या जागेच्या पुढ्यात. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाला तोरा वाचायची ती वरच्या तेबावरून. बायका लाकडी जाळीमागे बसत, हे खरंच, पण वाचणारा त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर उभा असायचा. खालच्या पुरुषांना मान वर करून ऐकावं लागे. मी त्या जाळीपाशी बराच वेळ बसले. जाळीच्या भोकातून समोरचा कठडा इतका जवळ दिसतो की वाचणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येत असणार. या बायका मल्याळममध्ये स्वतःची गाणी रचायच्या, वह्यांमध्ये उतरवून ठेवायच्या, आणि लग्नकार्यात पुरुषांसमोर मोकळेपणी म्हणायच्या.

चेंदमंगलम तिथून चार-पाच किलोमीटर. हातमागाचं गाव, इथली किनारीची सुती वस्त्रं प्रसिद्ध आहेत. कोचीन संस्थानचे वंशपरंपरागत प्रधान, पालियत अच्चन, यांचा वाडा इथलाच. जवळच्या टेकडीच्या आसपास देऊळ, मशीद, चर्च आणि सिनेगॉग अशी चारही आहेत. गावातले जुने लोक सांगतात की एके काळी शंख, बांग, चर्चची घंटा आणि सिनेगॉगमधलं शिंग हे सगळं एकाच जागी उभं राहून ऐकू यायचं.

सिनेगॉगच्या दारापुढेच एक उभा दगड आहे. पुरुषभर उंचीचा नाही, साधारण कमरेएवढा, खरबरीत. त्यावर हिब्रूत लिहिलंय: सारा बत इस्रायल, म्हणजे इस्रायलची मुलगी सारा. साल १२६९. भारतात सापडलेला हा सगळ्यात जुना हिब्रू लेख मानतात. १२६९ म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते आणि ज्ञानेश्वरांचा जन्मही झाला नव्हता. अक्षरांच्या खाचा पावसाने गोल झाल्या आहेत. बोट फिरवून पाहावंसं वाटलं, पण हात लावला नाही.

आत छत बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. चौकोनाचौकोनांत कोरलेली, रंगवलेली कमळं. कमळं! सुतार इथलेच, त्यांनी देवळात जे कोरलं तेच इथेही कोरलं.

मी गेले त्या दिवशी आत फक्त मी, नवरा आणि पहाऱ्यावरच्या बाई. खोल्या झाडलेल्या, लाकूड तेल पाजल्यासारखं. पण तिथे प्रार्थना म्हणणारं कुणी नाही. १९५४-५५ मध्ये बहुतेक सगळे इस्रायलला गेले. परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात एकच विचार होता. आपल्या रायगडात अलिबाग, पनवेल, पेण, रेवदंडा इथल्या सिनेगॉगमध्ये अजून दिवा लागतो. तिथे माणसं आहेत, मोजकी का होईना. आणि आपण शेजारी असून त्यांच्याबद्दल किती कमी लिहून ठेवलंय. इथे कोकणातले बरेच जण आहेत. तुमच्याकडे जे आहे ते लिहा ना. आठवणी, शब्द, पदार्थ, काहीही.

मोडीवाचक

फार छान लिहिलंय. वरच्या तेबाची गोष्ट मला नवीन होती.

एक आधी स्पष्ट करतो, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कोचीनचे ज्यू आणि कोकणातले बेने इस्रायली हे वेगळे समाज. भाषा वेगळी, आख्यायिका वेगळ्या, व्यवसायही वेगळे. कोचीनच्या ज्यूंकडे राजाचा ताम्रपट होता. चेर राजा भास्कर रविवर्म्याने इ. स. १००० च्या सुमारास जोसेफ रब्बान याला बहात्तर मानमरातब दिले, त्यात दिवसा मशाल, पालखी, छत्र असले हक्क होते. ते व्यापारी. आपले बेने इस्रायली तेलघाणा चालवणारे, शेती करणारे, गावगाड्यात मुरलेले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे.

पण दोन्हींमध्ये एक धागा आहे आणि तो तुमच्या प्रवासाशी थेट जुळतो. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की दाविद रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला, त्याला हे लोक आपल्यातलेच वाटले. खात्री करायला त्याने बायकांना तऱ्हेतऱ्हेचे मासे रांधायला दिले. त्यांनी पर आणि खवले नसलेले मासे बाजूला काढून ठेवले. मग त्याने काही जणांना धर्म शिकवला, त्यांची घराणी पुढे काजी, म्हणजे समाजाचे धर्मविधी पाहणारी, झाली. रहाबी नेमका कधी आला यावर वाद आहेत, पण बरेच अभ्यासक तो कोचीनच्या रहाबी घराण्यातला, अठराव्या शतकातला मानतात. मट्टनचेरीच्या 'परदेशी' नावाच्या सिनेगॉगच्या घड्याळाच्या मनोऱ्याचं काम १७६० मध्ये एझेकिएल रहाबीनेच केलं.

नंतर एकोणिसाव्या शतकातही कोचीनहून शिक्षक आले. शेलोमो सालेम शुर्राबी नावाचे गृहस्थ मुंबईत राहिले आणि बेने इस्रायलींना हिब्रू प्रार्थना शिकवण्यात त्यांनी आयुष्य घातलं.

मुंबईचं पहिलं सिनेगॉग बांधणारे सामुएल एझेकिएल दिवेकर हेही कोचीनशी जोडलेले. कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले. 'तुम्ही कोण' विचारल्यावर 'बेने इस्रायल' असं उत्तर दिलं, कुराणात ते नाव आहे म्हणून जीव वाचला, अशी कथा. सुटून आल्यावर १७९६ मध्ये मुंबईत सिनेगॉग उभं केलं. तोरा आणायला कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले असं सांगतात.

रेवदंड्याचा_आगरी

माशांची गोष्ट माझ्या आजोबांकडून ऐकलेली. आमच्या शेजारी बेने इस्रायली घर होतं. आमच्याकडून मासळी जायची. पापलेट, रावस, बोय. मुशी, शिंगाळा, कोळंबी, तिसऱ्या त्यांना कधीच नाही द्यायच्या, हे आमच्या घरातल्या पोरांनाही माहीत. उरलेलं आम्हाला. आजी म्हणायची, त्यांचा देव मोठा काटेकोर.

पेणची_माहेरवाशीण

@पोफळीची_वाडी, दोन भोकांनी डोळ्यांत पाणी आणलं.

माझ्या लहानपणी पेणला सिनेगॉगला कुणीच सिनेगॉग म्हणत नसे. 'मशीद' म्हणत. ते लोक स्वतःही तसंच म्हणायचे. मुंबईतल्या दिवेकरांच्या सिनेगॉगला तर अजून 'जुनी मशीद' म्हणतात, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं माझे वडील ठासून सांगायचे.

आणि मलिदा! नवस फेडायला, लग्नाच्या आधी, नवीन घरात जाताना, प्रवासाला निघताना. एलियाहू हनबी, म्हणजे एलिया प्रेषित, याच्या नावाने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बदाम-बेदाणे, वर फळं कापून लावलेली. मधोमध सब्जाची डहाळी. प्रत्येक गोष्ट हातात घेऊन आधी आशीर्वाद म्हणायचा, वास घ्यायचा, मग खायचं. आम्हाला बोलवायचे. शेजारची मुलं म्हणून आमच्या वाट्याला मोठा घास यायचा.

कोथिंबीरवडी

मलिदा वाचून माझ्या ऑफिसातली मैत्रीण आठवली, ठाण्याची. तिच्याकडे नव्या वर्षाला चिकाचा हलवा करतात. गव्हाचा चीक काढून, पण दूध घालायचं ते नारळाचं, म्हणजे मटणाच्या जेवणानंतरही खाता येतो. गाईचं दूध आणि मटण एकत्र चालत नाही ना. आणि शुक्रवारी संध्याकाळी वाईनच्या जागी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत. कोकणात वाईन कुठून मिळणार? तिच्या आईने हे सरबत मला एकदा वाटीत दिलं होतं. गडद, किंचित आंबट. इतकं साधं आणि किती वर्षं चालत आलेलं.

काळा_घोडा_वारी

मी मुंबईतली सिनेगॉग पाहिली आहेत, थोडं लिहितो.

काळा घोड्याचं केनेसेथ एलियाहू, १८८४. सगळ्यांना ते निळं म्हणून माहीत होतं, जीर्णोद्धारानंतर आता पांढरा आणि गडद निळा असा रंग आहे. २०१९ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. भायखळ्याचं मागेन दाविद १८६० च्या दशकातलं. हे दोन्ही बगदादी ज्यूंचे, म्हणजे इराककडून आलेल्यांचे, ससून कुटुंबाचे. पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे ओहेल दाविदमध्ये, डेव्हिड ससूनची समाधी आहे. पुणेकर त्याला अजून लाल देऊळच म्हणतात, हे मला फार आवडतं.

पण गर्दी सगळी काळा घोड्याला होते. उमरखाडी, जेकब सर्कल, आग्रीपाडा इथली बेने इस्रायलींची सिनेगॉग कुणाला दिसतच नाहीत. ठाण्याचं शाआर हाशामाईम १८७९ चं आहे, स्टेशनपासून जवळ, आणि तिथे आजही चांगली हजेरी असते.

आणि ज्या रस्त्याने लोक वरळीला रोज जातात त्या डॉ. ई. मोझेस रोडचं नाव ज्यांच्यावरून, ते बेने इस्रायली होते आणि १९३० च्या दशकात मुंबईचे महापौर झाले. हे कितीजणांना माहीत आहे?

सह्याद्रीपार

लेख चांगला आहे, पण एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. परवूरचं हेखाल जेरुसलेमला गेलं याचं लेखिकेला वाईट वाटलं. मला नाही वाटत. ज्यांचं हेखाल ते लोक तिकडे गेले. त्यांच्या नातवंडांना ते तिथे बघता येतं. इथे राहिलं असतं तर आपण, म्हणजे बाहेरचे, बघत बसलो असतो. कोणाच्या वस्तू कोणासाठी जपायच्या, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

पोफळीची_वाडी

@सह्याद्रीपार, हे तुम्ही बरोबर बोललात आणि मी त्यावर बराच विचार केला. नातवंडांचा हक्क पहिला, मान्य. पण ज्या सुतारांनी ते कोरलं ते परवूरचे होते, ज्या गावाने साडेतीनशे वर्षं शेजार केला ते गावही आहेच की. चेंदमंगलमचं छत जेरुसलेमला गेलं असतं तर त्यातली कमळं आली कुठून हे तिथे बघणाऱ्याला कसं कळलं असतं? मला वस्तू इथेच हवी असा हट्ट नाही. तिच्याभोवतीचं माहीत असलेलं माणूस कुठेतरी असावं, एवढंच म्हणणं आहे. पहाऱ्यावरच्या त्या बाईंना मी जाळीबद्दल विचारलं तर त्यांनी त्यांच्या आजीने ऐकलेली गोष्ट सांगितली, की लग्नाच्या वेळी गल्लीत गाणी चालायची आणि शेजारच्या बायका दारात उभ्या राहून ऐकायच्या. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं असणार?

आणि @पेणची_माहेरवाशीण, 'मशीद' वाचून मी दचकलेच. परवूरला लोक सिनेगॉगला 'जूत पळ्ळी' म्हणत होते. मल्याळममध्ये चर्च, मशीद, सिनेगॉग, तिन्हींना पळ्ळीच. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांवर लोकांनी देवाचं घर म्हणून एकच शब्द पुरवून घेतला.

दिमोनाहून

नमस्कार. मी इस्रायलमध्ये दिमोनाला राहते. मराठी टायपिंग हळू आहे, चुका माफ करा. आमचं घर पेणजवळचं. माझे आई-वडील साठच्या दशकात आले. मी इथे जन्मले. घरात मराठी, बाहेर हिब्रू.

दोन-तीन गोष्टी सांगते. आमच्या सणांना आजी हिब्रू नावं घेत नसे. तिच्यासाठी नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. बिरड्याचा रोजा म्हणजे ज्यू पंचांगातल्या आव महिन्याचा नववा दिवस, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास, आणि त्या काळात जेवणात वालाचं बिरडं. वाल इथे सहज मिळत नाहीत, तरी कुणीतरी मुंबईहून आणतं. आजी म्हणायची, बिरडं नाही तर रोजा कसला.

इथे आल्यावर सोपं नव्हतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या धर्मपीठाने आमच्या लग्नांवर शंका घेतली होती. आमच्या लोकांनी मोर्चे काढले, धरणं धरलं. १९६४ मध्ये इथल्या संसदेत ठरलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू आहेत. माझे वडील त्या धरण्यात होते. ते म्हणायचे, दोन हजार वर्षं शनिवार पाळला, आणि आता कागद दाखवा म्हणतात.

इथे आमच्या लोकांचं 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक ऐंशीच्या दशकापासून निघत आलंय. १ मे ला महाराष्ट्र दिन होतो, त्यात बायका नऊवारी नेसतात. माझ्या नातीला मराठी समजतं, बोलता येत नाही. मी हा धागा तिला वाचून दाखवते आहे.

मोडीवाचक

@दिमोनाहून, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. बिरड्याच्या रोज्यासारखे शब्द हाईम सामुएल किहिमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या इतिहासात आहेत, पण तिथे ते यादीत आहेत. तुमच्या आजीच्या तोंडी ते घरातले शब्द होते.

मराठीतलं त्यांचं काम केवढं आहे हे थोडं सांगतो. १८३२ मध्ये मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं गेलं, मिशनरी जॉन विल्सनने, मुख्यतः बेने इस्रायलींसाठी. १८४६ मध्ये हग्गादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, मराठी भाषांतरासह मुंबईत निघालं. १८७४ मध्ये पुण्याला जे हग्गादा छापलं त्यात चित्रं आहेत आणि त्या चित्रांत बायका लुगडी नेसून भाकऱ्या करताना दाखवल्या आहेत. त्या बिनखमिराच्या, सणाच्या. १८८० च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनं सुरू केली. हरदासी थाटाचं, पूर्वरंग-उत्तररंग असलेलं कीर्तन, साकी-दिंडीत, आणि आख्यान मोशेचं, अब्राहामाचं, योसेफाचं. मला विचाराल तर मराठी कीर्तनाच्या इतिहासात त्यावर एक स्वतंत्र प्रकरण असायला हवं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या छोट्या पुस्तिका पाहिल्या तर छपाईत आणि भाषेत कुठेही परकेपणा नाही.

सागरी_आठवण

मूळ धाग्यात नवगावचा उल्लेख शीर्षकात आहे, पण माहिती आली नाही म्हणून लिहितो. अलिबागच्या उत्तरेला किहीमच्या अलीकडे नवगाव. परंपरा अशी की जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, ती इथे पुरली. तिथे जुनं कब्रस्तान आहे आणि एक स्मृतिस्तंभ आहे. त्यातली नेमकी शतकं कुणालाही ठामपणे सांगता येत नाहीत. लेखी उल्लेख १७३८ च्या एका मिशनऱ्याच्या पत्रापासून सापडतात. पण गावांच्या नावावरची आडनावं बघा: किहीमकर, नवगावकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर. ती सगळी गावं एसटीच्या तासा-दोन तासांच्या टप्प्यात येतात. एवढं तरी नक्की की हे लोक इथे फार आधीपासून आहेत.

अलिबागहून पुढे खंडाळ्याला खडकावर घोड्याच्या टापेसारख्या खुणा आहेत, त्याला एलियाहू हनबीचा टापा म्हणतात. एलियाहू तिथून रथात बसून स्वर्गात गेला अशी श्रद्धा. अजून इस्रायलहून लोक येतात, मलिदा करतात. मी एकदा गेलो होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ खडकावर बसून शुद्ध अलिबागी मराठीत बोलत होते. विचारलं तर म्हणाले, इस्रायलमधल्या अश्दोदहून आलो.

नवीन_वाचक_२

मला जायचं आहे. अलिबागचं सिनेगॉग बघता येतं का? कधी जावं?

सागरी_आठवण

मागेन आबोथ, इस्रायल आळीत. १८४८ चं, आताची इमारत १९१० ची. दुपारी उन्हात आळी शांत असते. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ असतो, तेव्हा बघायला म्हणून जाऊ नका, आणि सणाच्या दिवशीही नको. आधी तिथल्या माणसांना विचारून ठेवा. सुरक्षेमुळे ओळखपत्र जवळ ठेवा, विचारलं तर राग मानू नका. पुरुषांनी डोकं झाकायचं. फोटोची परवानगी घ्या. मट्टनचेरीलाही शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद असतं.

काळा_घोडा_वारी

आणि आतल्या लोकांशी बोला. त्यांची संख्या खूप कमी आहे, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या भारतात पाच हजारांच्याही आत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. म्हणून कुणी आपुलकीने विचारलं तर ते वेळ काढून सांगतात.

पोफळीची_वाडी

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येते आहे. दिवाळीला माहेरी गेले होते.

नवगावला गेले. सकाळी आठची वेळ, समुद्र ओहोटीला. कब्रस्तानात गवत गुडघ्याएवढं. स्मृतिस्तंभाशी एक बाई फुलं ठेवत होत्या, त्या नवगावच्याच, बेने इस्रायली नाहीत. म्हणाल्या, माझ्या सासूबाई ठेवायच्या, आता मी ठेवते. का, ते विचारलं तर म्हणाल्या, समुद्रातून आलेली माणसं ना ती.

मग अलिबागला मागेन आबोथ. आधी निरोप दिला होता. आत गेल्यावर हेखालसमोरचा कायम तेवणारा दिवा लावलेला होता. तिथल्या काकांनी हेखाल उघडून दाखवलं नाही आणि मी मागितलंही नाही. मी त्यांना चेंदमंगलमच्या दगडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला आणि हिब्रू अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. सारा. बत. इस्रायल. साडेसातशे वर्षांपूर्वीचं नाव त्यांनी असं वाचलं जसं मी कुणाची तरी लग्नपत्रिका वाचेन.

शेवटी आमच्या आळीत गेले. ते घर आता दुसऱ्यांचं आहे. त्यांनी चौकटीला ऑईलपेंट मारलाय, हिरवा. बाजूला उभी राहिले तर दिसलं नाही, बोट फिरवलं तर लागलं. दोन भोकं, एकाखाली एक, रंगाने अर्धी बुजलेली.

दिमोनाहून

नवगावच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

आमच्या पेणच्या घरची मेझूझा वडिलांनी इथे आणली. दिमोनाच्या घराच्या दाराला तीच लावली आहे, पितळीच. माझ्या नातीने आत्ता उठून जाऊन तिला हात लावला आणि मला विचारलं, आजी, तिकडच्या दाराला पण अजून भोकं असतील का गं?

मी तिला म्हटलं, असतील. पेणला आपल्या घरात आता कोण राहतं ते विचारते. @पेणची_माहेरवाशीण, बाजाराच्या मागची आळी, विहिरीसमोरचं घर, तुम्हाला आठवतंय का?

पेणची_माहेरवाशीण

विहीर आठवते. ती अजून आहे. रविवारी जाते आणि सांगते.